आफ्टरमार्केट सायलेन्सरने बंपर वितळतोय? आधी टिप कुठे संपते ते बघा

नवीन सायलेन्सर टाकल्यावर सुरुवातीला सगळं भारी वाटतं, मग कधीतरी गाडी धुताना मागच्या बंपरची कड हाताला वाकडीतिकडी लागते, नाहीतर टिपच्या (पाईपच्या मागच्या तोंडाच्या) वर पेंट पिवळट पडलेला दिसतो. लोक लगेच सायलेन्सरच्या नावाने बोंबलतात, पण बहुतेक वेळा पाईप ठीक असतो आणि फिटिंगची वाट लागलेली असते.

होतं काय, तर बऱ्याच हॅचबॅकला कंपनीचा पाईप बंपरच्या आत लपवून तोंड खाली वळवलेलं असतं, म्हणजे गरम गॅस रस्त्याकडे जातो, आणि आपण तिथे सरळ तोंडाची जाड टिप लावून ती दिसायला छान म्हणून बंपरच्या कडेला अगदी लेव्हल बसवून घेतो. बंपर असतो पॉलिप्रॉपिलीन (पीपी) प्लॅस्टिकचा, तो वितळतो 160 अंशांच्या पुढे पण मऊ पडून आकार सोडायला त्याच्या बराच आधी सुरुवात करतो, आणि एबीएस प्लॅस्टिकचं गार्निश (शोभेची पट्टी) असेल तर ते 100 च्या आसपासच ढिलं पडतं. खोपोलीहून खंडाळ्याचा चढ फुल लोडवर मारला आणि वर ट्रॅफिकमध्ये अडकलात, की पाईप तापलेला आणि हवा बंद, नुकसान होतं ते अशा वेळी.

आधी डाग बघा. डिग्रीझर लावून पुसला आणि गेला तर ती नुसती काजळी, टेन्शन नाही. पुसूनही पिवळेपणा राहिला किंवा कड आत वळलीये तर मग कामाला लागा.

गाडी लिफ्टवर घ्या, किंवा स्टँड लावून (नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही म्हणजे नाही) पाईप गार असताना टिपच्या चारही बाजूंचा गॅप मोजा. मी 25 मिमीच्या खाली समाधान मानत नाही, कारण स्टेनलेसचा 3 मीटर पाईप 200 अंशांनी तापला तर साधारण 1 सेंटीमीटर लांब होतो, आणि त्यात हँगरची (पाईप टांगून धरणारी) रबरं लोंबलेली असतील तर टिप हलते ती वेगळीच. एकाला रेस द्यायला लावा आणि तुम्ही मागून बघा, टिप किती नाचते ते लगेच कळतं. रबरं चिरली असतील तर बदला, स्वस्तातलं काम आहे. टिपचं तोंड बंपरच्या 2-3 सेंमी तरी बाहेर यायला पाहिजे, आतच संपत असेल तर वेल्डरकडून वाढवून घ्या किंवा खाली वळवून घ्या. डबल वॉल टिप मिळाली तर बेस्ट, बाहेरची भिंत कमी तापते.

मग जॉइंट. क्लॅम्पच्या बाजूला काळे फर्राटे दिसले तर तिथून गॅस लीक होतोय आणि तो थेट प्लॅस्टिकवर मारत असेल तर बाकी काही करून उपयोग नाही, आधी ते बंद करा.

आता हीट शील्ड, इथे सगळ्यात जास्त गडबड होते. बाजारात सोनेरी टेप मिळते, ती बंपरला आतून चिकटवली की झालं असं सांगतात. ती फक्त लांबून येणारी धग परतवते, पाईप टेकत असेल किंवा गॅस लागत असेल तर काही कामाची नाही. त्यापेक्षा ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा कापून प्लॅस्टिकपासून 10 मिमी लांब, स्पेसर घालून बोल्ट करा. मधली हवा हेच खरं शील्ड, पत्रा प्लॅस्टिकला चिकटवून टाकला तर तोच तापून तेच काम करणार. पाईपला गुंडाळायचा रॅप मला तरी पटत नाही, कोकणात किंवा पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो आणि साधा लोखंडी पाईप रॅपच्या खाली बाहेरून सडवतो.

कॅटकॉन (धुरातलं प्रदूषण कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकलेल्यांसाठी वेगळं सांगतो: ट्यूनिंग रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, असेल तर न जळलेलं पेट्रोल मागे सायलेन्सरमध्ये पेटतं, ते फटफट आवाज हौसेने ऐकता पण तीच उष्णता बंपरजवळ येते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज आणि प्रदूषणासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. बीएस6 डिझेलवाल्यांनी तर जास्तच जपा, डीपीएफ रीजन (फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळून टाकणं) चालू असताना आत 600 च्या घरात तापमान जातं.

सगळं झालं की जोरात एक राउंड मारा, थांबल्या थांबल्या इन्फ्रारेड गनने बंपरची कड मोजा आणि 10 मिनिटांनी परत मोजा. गन चकचकीत टिपवर धरू नका, स्टीलवर ती खोटं कमी रीडिंग देते, प्लॅस्टिकवरच धरा. 80 अंशांच्या आत असेल तर ओके.

राहिला वितळलेला बंपर. थोडासा वाकला असेल तर आतून हीट गनने हळूहळू शेकून लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवा, गार होईपर्यंत सोडू नका. कड गळून गेली असेल तर प्लॅस्टिक वेल्डिंग, त्यासाठी बंपरच्या आतल्या बाजूला कोरलेलं 'पीपी' किंवा 'एबीएस' वाचून त्याच मटेरियलचा रॉड वापरायला सांगा, वेगळा वापरला तर धरत नाही. पीपीवर पेंटच्या आधी ॲढेशन प्रमोटर (पेंट धरून ठेवणारा कोट) मारलाय का तेही उभं राहून बघा, घाईत हाच कोट गाळतात आणि मग पहिल्याच प्रेशर वॉशला पेंटची पापडी निघून येते.