डीएचसीपी स्नूपिंग चालू करताय? आधी ऑप्शन ८२ बंद करा

डीएचसीपी मशीनांना आपोआप आयपी पत्ते देतं; त्यात खोटा सर्व्हर घुसू नये म्हणून स्विचने ठेवलेली नजर म्हणजे स्नूपिंग. ही यादी सिस्को कॅटॅलिस्टच्या ॲक्सेस स्विचसाठी, म्हणजे ज्याला मशीनं जोडलेली असतात त्या स्विचसाठी आहे. डीएचसीपी सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) आणि त्याच्यापर्यंत विनंत्या पोचवणारा रिले मधल्या कोअर स्विचवर, म्हणजे बहुतेक ऑफिसांत असते तशीच मांडणी. गेल्या खेपेला यातली एकच ओळ राहिली आणि निम्मा मजला १६९.२५४ वर (सर्व्हरकडून पत्ता न मिळाल्यावर मशीन स्वतःच घेतं त्या पत्त्यावर) बसला. ती ओळ खाली पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

कन्सोल केबल, कॉन्फिगचा बॅकअप हे सांगायला नको. लांबून काम करणार असाल तर आधी ‘रीलोड इन १०’ मारा, म्हणजे दहा मिनिटांनी स्विच सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर रीस्टार्ट होईल. काम नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’, आणि तोवर कॉन्फिग सेव्ह करायची नाही. सेव्ह केलीत तर रीलोडनंतर तीच चूक पुन्हा वर येईल.

सर्व्हरकडे जाणारे पोर्ट कागदावर लिहून काढा. स्नूपिंग चालू झालं की सगळे पोर्ट आपोआप अनट्रस्टेड होतात आणि त्यांच्यावरून आत येणारे ऑफर, ॲक, नॅक (सर्व्हरची उत्तरं) फेकले जातात. आपल्याला तेच हवं आहे, कुणीतरी टेबलाखाली लावलेला घरचा राउटर त्यामुळेच गप्प बसतो. पण अपलिंकला (कोअरकडे जाणाऱ्या पोर्टला) ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग ट्रस्ट’ दिलं नाही तर खरा सर्व्हरही गप्प. पोर्ट-चॅनल (अनेक केबल मिळून एक लिंक) असेल तर ट्रस्ट पोर्ट-चॅनलवर द्या. स्पॅनिंग ट्रीने (लूप टाळणाऱ्या यंत्रणेने) अडवून ठेवलेली दुसरी अपलिंकही यादीत हवी, नाहीतर पहिली तुटेल त्या दिवशी कळेल.

आता ऑप्शन ८२, म्हणजे विनंती कोणत्या स्विचच्या कोणत्या पोर्टवरून आली याची नोंद. स्नूपिंग चालू होताच स्विच क्लायंटच्या प्रत्येक विनंतीत स्वतःहून ऑप्शन ८२ घालतो. तुम्ही सांगितलेलं नसतं, तरी घालतो. ती विनंती कोअरवर पोचते तेव्हा तिच्यात ऑप्शन ८२ असतो, पण गिअ‍ॅडर (रिले आपला पत्ता लिहितो ती जागा) शून्य असतो. कोअरवरच्या रिलेला हे संशयास्पद वाटतं आणि तो पॅकेट टाकून देतो. ॲक्सेस स्विचवर सगळं हिरवंगार, सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच नाही. शोधत बसा. कोअरवर ‘डीबग आयपी डीएचसीपी सर्व्हर पॅकेट’ लावलं तरच ‘गिअ‍ॅडर इज झिरो’ अशी तक्रार दिसते.

म्हणून ॲक्सेस स्विचवर ‘नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फर्मेशन ऑप्शन’. स्नूपिंग चालू करण्याआधी, नंतर नाही. सर्व्हरला ऑप्शन ८२ खरोखरच लागत असेल तर कोअरच्या त्या व्हीलॅन इंटरफेसवर ‘आयपी डीएचसीपी रिले इन्फर्मेशन ट्रस्टेड’ द्या. दोन्हींपैकी एक हवंच.

क्रम असा: ट्रस्ट, ऑप्शन ८२ बंद, मग ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग व्हीलॅन १०,२०’, आणि सगळ्यात शेवटी नुसतं ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग’. ही शेवटची ओळ पडेपर्यंत काहीच लागू होत नाही. ती मारण्याआधी थांबा. ऑप्शन ८२ बंद केला?

तपासणी चालू मशीनवर करू नका. फसाल. जुनी लीज (पत्ता वापरायची मुदत) असलेलं मशीन रिन्यूसाठी थेट सर्व्हरशी बोलतं, मधला रिले वाटेत येतच नाही. विंडोज तर रीस्टार्टनंतरही उत्तर न मिळाल्यास गेटवे पिंग होतो का पाहून जुन्याच पत्त्यावर काम चालू ठेवतं. त्यामुळे तासभर सगळं ठीक वाटतं आणि नवा लॅपटॉप जोडला की बोंब. एका मशीनवर ‘आयपीकॉन्फिग रिलीज’, मग ‘रिन्यू’. पत्ता आला तरच पास. ‘शो आयपी डीएचसीपी स्नूपिंग’मध्ये इन्सर्शन ऑफ ऑप्शन ८२ समोर डिसेबल्ड दिसलं पाहिजे. एनेबल्ड दिसलं तर ऑप्शन ८२चा परिच्छेद परत वाचा.

रेट लिमिट (पोर्टवर किती डीएचसीपी पॅकेट चालतील): साध्या पोर्टला सेकंदाला १५ पॅकेट पुरतात, फोनमागे पीसी असला तरी. लोकल स्विचिंगवाल्या (वायफायची पॅकेट थेट आपल्या पोर्टवर सोडणाऱ्या) ॲक्सेस पॉइंटला १००, कारण एका पोर्टमागे पन्नास मोबाइल असतात. अपलिंकला लावूच नका. मर्यादा ओलांडली की पोर्ट एरर-डिसेबल (बंद) होतो, म्हणून ‘एररडिसेबल रिकव्हरी कॉज डीएचसीपी-रेट-लिमिट’ही घाला. ३०० सेकंदांनी पोर्ट आपोआप उठेल.

बाइंडिंग टेबल (कोणत्या पोर्टवर कुठल्या मशीनला कोणता पत्ता मिळाला याची स्नूपिंगची नोंद) मेमरीत असतं, वीज गेली की गेलं. ‘आयपी डीएचसीपी स्नूपिंग डेटाबेस’ देऊन फ्लॅशवर किंवा टीएफटीपी सर्व्हरवर ठेवा. एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणं) लावा, लीजच्या वेळा घड्याळावर चालतात.

एआरपी इन्स्पेक्शन (दुसऱ्याचा पत्ता आपला म्हणून सांगणाऱ्या मशीनला याच टेबलवरून पकडणं) आजच नको. टेबल भरू द्या, एक पूर्ण लीज जाऊ द्या. प्रिंटर, कॅमेरे यांचे स्टॅटिक पत्ते टेबलात कधीच येणार नाहीत, त्यांना एआरपी एसीएल किंवा ‘आयपी सोर्स बाइंडिंग’ हाताने.

पुढचा स्विच घेताना जुन्याची कॉन्फिग चिकटवणार असाल, तर ‘नो’ने सुरू होणारी ती ओळ त्यात आहे ना, एवढं पाहून घ्या. मग सेव्ह.