जुन्या आलिशान गाडीचा डीआरएल लागत नाही? हेडलाइट बदलण्याआधी हे तपासा

बारा-पंधरा वर्षांच्या बीएमडब्ल्यू, ऑडी किंवा मर्सिडीजचा एका बाजूचा डीआरएल (डेटाइम रनिंग लाइट, म्हणजे दिवसा आपोआप लागणारा पुढचा दिवा) बंद पडला की गॅरेजमधून बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: पूर्ण हेडलाइट असेंब्ली बदलावी लागेल. झेनॉन किंवा एलईडी असेंब्लीचा खर्च जुन्या गाडीच्या उरलेल्या किमतीच्या मानाने फार मोठा असतो. म्हणून आधी मल्टिमीटर लावून पाहायचा आणि मगच पार्टची चौकशी करायची. मुंबईत दोष बहुधा असेंब्लीच्या अलीकडेच सापडतो: समुद्राच्या खाऱ्या हवेने हिरवा पडलेला कपलर (वायरींचा प्लग), गंजलेला अर्थ (गाडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर), हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढल्यावर ओला राहिलेला ड्रायव्हर मॉड्यूल (एलईडीला करंट पुरवणारा डबा), नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदराने कुरतडलेली वायर.

सुरुवात सेटिंगपासून करा. युरोपात नव्या मॉडेलना डीआरएल सक्तीचा झाला तो फेब्रुवारी २०११ पासून. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत तो मेनूतून बंद करता येतो. बीएमडब्ल्यूत आयड्राइव्ह स्क्रीनच्या लाइटिंग सेटिंगमध्ये, ऑडीत एमएमआय स्क्रीनच्या कार मेनूमध्ये आणि मर्सिडीजमध्ये स्टीअरिंगमागच्या मीटरमधल्या लाइटच्या पानावर हा पर्याय मिळतो. बॅटरी बदलताना किंवा कोणी स्कॅनर (गाडीतले फॉल्ट वाचणारं यंत्र) लावताना तो बंद झालेला असू शकतो. दोन्ही बाजू एकदम गेल्या असतील तर पहिला संशय इथेच घ्या.

काही गोष्टी बिघाड वाटतात, पण तशी रचनाच असते. हेडलाइट लागले की डीआरएल मंद होऊन पार्किंग लाइटचं काम करतो. ऑडीत इंडिकेटर दिला की त्या बाजूचा डीआरएल मंद होतो. भर दुपारी दोन्ही बाजू सतत मंदच दिसत असतील, तर स्विच ऑटोवर आहे का आणि त्याच वेळी हेडलाइट लागलेत का, ते पाहा. पुढची काच बदलताना लाइट सेन्सरची जेलची चकती नीट बसली नाही, किंवा सेन्सरसमोर गडद फिल्म आली, की गाडी दिवसालाच संध्याकाळ समजते.

मग बॅटरी. इंजिन बंद करून काही तास उभ्या ठेवलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास मिळायला हवेत आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. विश्रांतीत १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी निम्मीही भरलेली नाही. अशा अवस्थेत स्कॅनरमध्ये येणाऱ्या फॉल्टवर विश्वास ठेवू नका, आधी बॅटरी चार्ज करा. बऱ्याच गाड्यांत डीआरएल इंजिन चालू झाल्यावरच लागतो, त्यामुळे तपासणी मोकळ्या जागेत करा. बेसमेंट किंवा स्टिल्ट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून बॉनेटखाली वाकून बसणं धोक्याचं आहे, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. स्कॅनरमध्ये आउटपुट टेस्टची सोय असेल तर इंजिन न चालवता दिवा लावता येतो. ते सर्वात सोयीचं.

साहित्य फार लागत नाही: डिजिटल मल्टिमीटर आणि त्याला बारीक सुईसारखे प्रोब, २१ वॉटचा बल्ब आणि होल्डरचा घरी केलेला टेस्ट लॅम्प, कॉन्टॅक्ट क्लीनर, डायइलेक्ट्रिक ग्रीस, आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी, टॉर्क्स बिट आणि प्लास्टिकच्या क्लिपांचा एक पुडा. मीटर, प्रोब आणि स्प्रे लॅमिंग्टन रोडला मिळतात. क्लिपा काम सुरू करायच्या आधीच आणून ठेवा. इतक्या जुन्या गाडीच्या व्हील आर्च लायनरच्या (चाकावरच्या प्लास्टिक आवरणाच्या) क्लिपा काढताना तुटतातच, आणि लायनर सैल राहिला की पुढच्या पावसात चाकाचं पाणी थेट हेडलाइटच्या मागे उडतं.

हेडलाइट झेनॉन असेल तर एक सक्त पथ्य पाळा. झेनॉन बल्ब पेटताना वीस हजार व्होल्टच्या पुढचा झटका तयार होतो. लाइट बंद, इग्निशन बंद, चावी गाडीपासून लांब आणि दहा-पंधरा मिनिटांची वाट, इतकं झाल्याशिवाय मागचं झाकण उघडू नका आणि झेनॉनच्या वायरींना मीटर लावूच नका.

आता मुख्य तपासणी. डीआरएलला साधा बल्ब आहे की एलईडी, हे आधी ठरवा, कारण पुढची पद्धत त्यावर अवलंबून आहे. बल्ब असेल तर बहुधा पी२१डब्ल्यू, म्हणजे २१ वॉटचा. ई९० थ्री सीरिजच्या फेसलिफ्टनंतरच्या झेनॉन हेडलाइटात अँजल आयसाठी (दिव्याभोवतीच्या उजळ कड्यांसाठी) ३५ वॉटचा एच८ असतो. डावा बल्ब उजवीकडे लावून पाहा. दोष बल्बबरोबर सरकला तर काम तिथेच संपलं. सरकला नाही तर होल्डर नीट बघा. प्लास्टिक तपकिरी पडून वितळलं असेल तर नवा बल्ब टाकून काही दिवसच निभतं. सैल पत्रीमुळे उष्णता होते आणि उष्णतेने पत्री आणखी सैल होते. वायरसकट नवा होल्डर जोडा आणि जोड क्रिम्प करून वर हीट श्रिंक चढवा. नुसती काळी टेप पहिल्या पावसाळ्यातच सुटते.

इथे बरेच वायरमन फसतात. कपलर काढून पिनवर मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, की "सप्लाय ठीक आहे" असं म्हणून मोकळे. वायरचा एकच तंतू शाबूत असला तरी लोड नसताना मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण करंट वाहतच नसतो. बल्बच्या सर्किटमध्ये होल्डरवर २१ वॉटचा टेस्ट लॅम्प लावा आणि तो पेटलेला असताना मोजा. कपलरवर एक ओहमचा गंज असेल तर पावणेदोन व्होल्टच्या आसपास तिथेच खर्च होतात, आणि फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप वेगाने पडतो: १३.५ चे पावणेबारा झाले की उजेड एक तृतीयांशाहून जास्त घटतो. "दिवा लागतो पण मिणमिणता" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

अर्थ तपासायला काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल प्रोब कपलरच्या अर्थ पिनवर, दिवा चालू असताना. ०.१ व्होल्टच्या आत हवं. ०.३ किंवा जास्त दिसलं तर हेडलाइटमागच्या आतल्या फेंडरवरचा अर्थ बोल्ट शोधा, सोडवा, वायरची गोल पत्री आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीनचा हात द्या. आधी व्हॅसलीन लावून वर पत्री बसवू नका. पॉझिटिव्ह बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते.

एलईडीचा मामला वेगळा. बऱ्याच गाड्यांत त्याला सप्लाय देतो तो बॉडी मॉड्यूल (गाडीचे दिवे सांभाळणारा कंट्रोल बॉक्स), आणि तो सेकंदाला शंभर-दोनशे वेळा चालू-बंद होणाऱ्या पल्समध्ये. साधा मीटर त्याची सरासरी दाखवतो, म्हणून ७ व्होल्ट दिसले म्हणजे दोषच असं नाही. कपलर जोडलेलाच ठेवून मागून सुईचे प्रोब घाला आणि चांगल्या बाजूच्या आकड्याशी तुलना करा. या आउटपुटवर टेस्ट लॅम्प अजिबात लावू नका, मॉड्यूल तो जास्त लोड समजून लाइन बंद करू शकतो. दोन्हीकडे आकडे सारखे, अर्थही ठीक, तरी एक बाजू पूर्ण काळी, म्हणजे दोष असेंब्लीतल्या ड्रायव्हर मॉड्यूलमध्ये किंवा एलईडीच्या पट्टीत आहे.

ड्रायव्हर मॉड्यूल बऱ्याच हेडलाइटांना खालच्या बाजूने बाहेरून स्क्रूने लावलेला असतो आणि वेगळा मिळतो. दोन्ही बाजूंचा पार्ट नंबर सारखा असेल तर अदलाबदल करून पाहा, कारण सर्वात स्वस्त निदान तेच. पट्टीचा अर्धाच भाग काळा असेल तर एका मालिकेतला एक एलईडी किंवा त्याचा सोल्डर तुटलाय, तेव्हा ड्रायव्हर बदलून फायदा नाही. थंड असताना लागतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी विझतो, तर सोल्डरला पडलेली भेग गरम होऊन उघडते आहे. अशी पट्टी चांगला इलेक्ट्रॉनिक्स कारागीर दुरुस्त करू शकतो. २००९ ते २०१३ मधल्या डब्ल्यू२१२ ई-क्लाससारख्या गाड्यांत एलईडीची पट्टी बंपरमध्ये असते. तिथे हेडलाइट उघडायची गरजच नाही, पण पाणी तुंबल्यावर पहिली बुडते तीच.

सप्लायच येत नसेल तर लायनर काढून वायरिंग पाहा. उंदीर बहुधा हेडलाइटच्या मागच्या उबदार कोपऱ्यात शिरतो. तिथे लेंड्या किंवा कुरतडलेलं आवरण दिसलं तर एका वायरवर थांबू नका, पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) तपासा. वायर शाबूत निघाली तर मॉड्यूलकडे वळा. ई९० आणि ई७० पिढीच्या बीएमडब्ल्यूत पायाजवळचा एफआरएम मॉड्यूल (दिव्यांचा कंट्रोल बॉक्स) शॉर्ट सर्किट मोजत राहतो आणि ठरावीक संख्येनंतर ती लाइन कायमची बंद करतो. शॉर्ट काढल्यावरही तो काउंटर स्कॅनरने शून्य केल्याशिवाय दिवा लागत नाही. बॅटरी पूर्ण उतरल्यावर किंवा जंप स्टार्टनंतर लाइटबरोबर काचा आणि आरसेही बंद पडले, तर एफआरएमची मेमरी बिघडलेली असते. ती टेबलावर पुन्हा लिहून घेता येते, त्यामुळे नव्या मॉड्यूलचा खर्च करण्याआधी हे काम जाणणारा माणूस गाठा.

हेडलाइटमध्ये वाफ दिसते तेव्हा थोडं थांबून बघा. काचेच्या कोपऱ्यात हलकं धुकं येऊन अर्ध्या तासाच्या ड्राइव्हमध्ये गेलं, तर ते हेडलाइटच्या श्वासनळीतून (हवा ये-जा करायच्या छिद्रातून) आलेलं दमट हवेचं बाष्प आहे. थेंब ओघळत असतील किंवा तळाला पाणी साचलं असेल, तर गळती आहे. मागच्या झाकणाचं रबर, बल्ब होल्डरची रिंग, श्वासनळीची टोपी आणि काचेच्या कडेची भेग या क्रमाने पाहा. असेंब्ली काढा, झाकण उघडा, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा. तळाला भोक पाडून पाणी काढण्याचा सल्ला मिळतो, तो ऐकू नका, कारण त्याच भोकातून पुढच्या पावसात पाणी आत येतं. काच चिकटवायला ब्युटिल पट्टीच वापरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आम्ल सोडतं, त्याने रिफ्लेक्टर धुरकट होतो आणि कपलर गंजतात.

साध्या बल्बच्या जागी बाजारातला एलईडी बल्ब बसवू नये, असं आमचं ठाम मत आहे. मॉड्यूल तपासणीसाठी पाठवतो त्या सूक्ष्म पल्सने तो बंद असतानाही लुकलुकतो आणि डॅशबोर्डवर बल्ब गेल्याची सूचना येते. ती दाबायला ६ ओहमचा रेझिस्टर जोडतात. त्यात जवळपास ३० वॉट उष्णता होते आणि तो प्लास्टिकला टेकला की प्लास्टिक वितळतं. चांगल्या कंपनीचा पी२१डब्ल्यू जोडीने बदला, दोन्ही बाजूंचा उजेड सारखा राहतो.

सगळं करून असेंब्लीच गेलेली निघाली, तर कुर्ल्याचा सीएसटी रोड किंवा चोर बाजार इथे जुनी मिळू शकते. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा, बसवायचे कान तुटलेले नाहीत ना पाहा, आणि काचेच्या आत तळाशी मातकट रेष असेल तर ती पुरातल्या गाडीची आहे, घेऊ नका. गाडी कोणत्या देशातून आली तेही विचारा. दुबई किंवा जर्मनीतली असेंब्ली रस्त्याच्या उजव्या बाजूला धावणाऱ्या गाड्यांसाठी असते. आपल्याकडे तिचा डिप्पर (खालचा झोत) समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. दुकानातच १२ व्होल्टवर डिप्पर लावून भिंतीवर टाका. उजेडाची कड डाव्या बाजूला वर चढत असेल तरच पैसे द्या. दुकानात लावून दाखवत नसतील तर व्यवहार सोडा.

बसवल्यावर फॉल्ट पुसून टाका, पाइपने पाच मिनिटं पाणी मारा, अर्धा तास गाडी चालवा आणि पुन्हा स्कॅन करा.