भौतिकशास्त्र की रसायनशास्त्र: अर्ज भरण्यापूर्वीची तयारी

बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घ्यावे की रसायनशास्त्र, हे ठरवताना मी सगळी चौकशी केली, फक्त गणिताची केली नाही. पहिल्या वर्षानंतर गणित सोडले, भौतिकशास्त्रात पदवी मिळवली आणि मग एम.एस्सी.चे पात्रतेचे नियम वाचले. मला जिथे जायचे होते, तिथे पदवीला किमान दोन वर्षे गणित असण्याची अट होती. तुमचे तसे होऊ नये.

गुणपत्रिका, दाखले आणि फी यांकडे घरचे लक्ष देतातच.

आधी तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम वाचा. पहिल्या वर्षात बारावीची उजळणी बरीच असते आणि तेवढ्यावरून विषय कळत नाही. गणित नको म्हणून रसायनशास्त्राकडे वळणाऱ्यांनी त्यातले भौतिक रसायनशास्त्र उघडून पाहावे. पेटीत कोंडलेल्या कणासाठी श्रोडिंगरचे समीकरण तिथेही सोडवावे लागते, आणि आयआयटीच्या 'जॅम' या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेच्या रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमातही विकलक समीकरणे, सदिश आणि सारणी (मॅट्रिक्स) आहेत. गणित दोन्हीकडे आहे.

नंतर परवानगी काढून दोन्ही प्रयोगशाळांत एकेक पूर्ण दुपार बसा. रसायनशास्त्रात ब्युरेटमधून एकेक थेंब सोडत, शंकुपात्र हलवत, फिनॉल्फ्थॅलीनचा फिका गुलाबी रंग टिकेपर्यंत थांबायचे आणि एक थेंब जास्त पडला की तेच पुन्हा करायचे. भौतिकशास्त्रात सोडियमचा दिवा पुरता पिवळा होण्याची वाट पाहायची, स्पेक्ट्रोमीटर समतल करायचा आणि अंधाऱ्या खोलीत भिंगातून व्हर्नियरची रेघ कुठे जुळते ते शोधत राहायचे. यांतले कोणते काम कंटाळा न येता तीन वर्षे करता येईल, याचे उत्तर माहितीपत्रकात सापडत नाही. मला ते भौतिकशास्त्रात सापडले होते, म्हणूनच पुढची चूक अधिक लागली.

आता पुन्हा गणित. पुढे शिकण्याची शक्यता असलेल्या किमान तीन संस्थांचे पात्रतेचे नियम आजच वाचा, तीन वर्षांनी नव्हे, आणि पदवीला कोणते विषय किती सत्रे असावेत ते वहीत उतरवा. नव्या शैक्षणिक धोरणात मेजरबरोबर, म्हणजे मुख्य विषयाबरोबर, मायनर, म्हणजे दुय्यम विषय, निवडावा लागतो. भौतिकशास्त्र मेजर असेल तर मायनर गणितच घ्या. रसायनशास्त्र घेणाऱ्यांनीही, जमत असेल तर, तेच करावे. महाविद्यालयात ही जोडी खरोखर मिळते का आणि गणिताचा तास प्रात्यक्षिकांच्या वेळेवर तर येत नाही ना, हे विभागात जाऊन विचारा. मी गणित सोडले ते याच कारणाने, आणि तेव्हा तुकडी बदलून मागण्याचे मला सुचले नाही.

उरलेले थोडक्यात: तिसऱ्या वर्षाच्या दोन विद्यार्थ्यांशी बोला, जुन्या प्रश्नपत्रिका चाळा, मुदत लिहून ठेवा. अर्ज पाठवण्यापूर्वी मायनरच्या रकान्यात गणित दिसते आहे याची खात्री करा आणि प्रत काढून ठेवा.