बटण दाबल्यावर कधी चालू, कधी बंद: असा कॉम्प्युटर कसा तपासायचा

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातून मला नेहमी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी फोन यायचा. "सर, चौथ्यांदा दाबलं की होतंय की ओ चालू." मी पोचेपर्यंत मशीन सुरू होऊन त्यावर बिलं निघत असायची. मग मी बंद-चालू करून बघायचो, दहापैकी दहा वेळा व्यवस्थित. पहिल्या फेरीत रॅम बदलली, दुसऱ्या फेरीत मदरबोर्डवरचा सेल, तिसऱ्या फेरीत मालकांना मदरबोर्डचा खर्च सांगून आलो. त्या फेरीची मला अजून लाज वाटते, कारण दोष एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात होता.

आधी सोप्या गोष्टी उरकू. स्क्रीनवर कंपनीचा लोगो येऊन मशीन पुढे अडकत असेल तर विंडोज किंवा डिस्क बघा, हा लेख तुमच्यासाठी नाही. लोगोच येत नसेल तर "फॉरमॅट मारा" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

एक्स्टेन्शन बोर्ड काढून वायर थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसा आणि एकच रॅम लावून बघा. सेल २०३२ नंबरचा असतो, ३ व्होल्टचा. तो संपला की तारीख-वेळ चुकते, मशीन अडणं क्वचितच. बटणाचा संशय असेल तर मदरबोर्डावरून त्याची वायर काढून त्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. तसं केल्यावर दर वेळी चालू झालं तर बटण खराब.

साफसफाई मात्र आपल्याकडे मनापासून करायला हवी. यंत्रमागाजवळच्या कॅबिनेटमध्ये सुताच्या तंतूंची अक्षरशः गादी बसते. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं.

आता एसएमपीएस. हिरवी आणि काळी वायर क्लिपने जोडायची, पंखा फिरला की एसएमपीएस चांगला, असं सगळे छातीठोक सांगतात. मीही तेच करून फसलो. पंखा फिरवायला ताकद लागते किती? प्रोसेसर आणि डिस्क ओढायची वेळ आली की खरी परीक्षा. त्यातून आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे डबे, उष्णतेने वाळत जातात. असा वाळलेला कपॅसिटर थंड असताना सर्वांत वाईट वागतो आणि जरा तापला की शहाण्यासारखा चालतो. चाळिशीपार उन्हाळा आणि तंतूंनी बुजलेला पंखा, मग तो लवकर वाळणारच.

म्हणून तपासणी सकाळी, आणि फक्त पहिल्या दाबण्याला. रात्री भिंतीवरचं बटण बंद करा. नुसतं शटडाऊन केलं तर एसएमपीएसचा एक भाग जागाच राहतो आणि कोमट राहतो. दुसऱ्यांदा दाबलंत तर ती सकाळ वाया गेली, उद्या या.

मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी पिन कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला, लाल पिन एसएमपीएसमधून मदरबोर्डला जाणाऱ्या २४ पिनांच्या जोडणीत मागच्या बाजूने जांभळ्या वायरीपाशी. भिंतीवरचं बटण चालू केलं की, मशीन बंद असतानाच, तिथे ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. कॉम्प्युटरचं बटण दाबताना आकडा त्याखाली घसरला तर चोर सापडला. जांभळी ठीक असेल तर पुढच्या सकाळी राखाडी वायर बघा: दाबल्यावर अर्ध्या सेकंदात ५ व्होल्टच्या आसपास यायला हवेत. पंखे फिरतात पण राखाडी शून्यावरच, तरी दोष एसएमपीएसचाच. दोन्ही बरोबर आणि स्क्रीन काळी, तर मात्र बोर्डाकडे वळा.

जांभळीला लागूनच १२ व्होल्टची पिवळी असते. पिनेचं टोक घसरून दोन्ही एकत्र टेकली तर बोर्ड जाऊ शकतो. माझा एक गेलाय. टोकाला टेप गुंडाळा, फक्त दोन मिलिमीटर उघडं ठेवा. सगळ्या वायरी काळ्या असतील तर रंगावर जाऊ नका, पिना मोजा: राखाडी ८, जांभळी ९, पिवळी १०.

एसएमपीएसचा डबा उघडून कपॅसिटर बदलायच्या फंदात पडू नका. आत ३०० व्होल्टच्या वर साठलेले असतात, वायर काढल्यावरही काही वेळ राहतात. नवीन घ्या, पण स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो नको. वॉरंटी असलेला आणि हाताला जड लागणारा घ्या.

बसवल्यावर लगेच पैसे देऊ नका. सलग तीन सकाळी, रात्रभर भिंतीवरून बंद ठेवून, पहिल्या दाबण्याला चालू झालं तरच द्या. त्या कारखान्यात मी स्वतःच तीन सकाळी जाऊन बसलो होतो.