नोव्हेंबरची विक्री खरंच पडली का? दुचाकी शोरूमचा आलेख काढताना

आलेख काढायला बसण्याआधी कागदावर एक प्रश्न लिहा: हा बघून मालकाने काय ठरवायचं आहे? 'डिसेंबरसाठी गाड्यांची ऑर्डर कमी करायची का?' हा प्रश्न झाला. 'विक्रीची माहिती देणे' हा प्रश्न नव्हे. प्रश्नच नसेल तर आलेखाच्या भानगडीत पडू नका, साधा तक्ता पाठवा.

आता 'विकली' म्हणजे काय ते पक्कं करा. एकाच गाडीच्या चार तारखा असतात: बुकिंग, बिल, डिलिव्हरी आणि आरटीओ नोंदणी. सणाच्या दिवसांत या तारखांत आठ-दहा दिवसांचं अंतर सहज पडतं. अहवालभर एकच तारीख धरा आणि कोणती धरली ते आलेखाखाली लिहा. बाहेरच्या आकड्यांशी तुलना करतानाही हेच पथ्य. सियाम ही वाहन कंपन्यांची संघटना, तिचे आकडे कंपन्यांनी डीलरकडे पाठवलेल्या गाड्यांचे असतात. फाडा ही डीलरांची संघटना, तिचे आकडे 'वाहन' या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीचे. शोरूमची विक्री फाडाच्या आकड्यांशेजारी ठेवा, सियामच्या नाही.

खरा घोळ पंचांगाचा. धनत्रयोदशी २०२३ मध्ये १० नोव्हेंबरला होती, २०२४ मध्ये २९ ऑक्टोबरला. समजा, एका शोरूमने सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अनुक्रमे ७०, ९६ आणि १३० गाड्या विकल्या, आणि २०२४ मध्ये ६२, १६८ आणि ७२. नोव्हेंबरची नोव्हेंबरशी तुलना केली की विक्री ४५ टक्क्यांनी पडलेली दिसते आणि मीटिंगमध्ये सेल्सवाल्यांची खरडपट्टी निघते. तिन्ही महिन्यांची बेरीज मात्र २९६ वरून ३०२ झालेली आहे. विक्री पडली नाही, आधीच्या महिन्यात सरकली.

आर्थिक वर्षाचंही तेच. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला, २०२४ मध्ये ९ एप्रिलला आणि २०२५ मध्ये ३० मार्चला आला. म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षात गुढीपाडवा नव्हताच, आणि २०२४-२५ मध्ये दोन होते. ही ओळ आलेखावर नसेल तर त्या वर्षीच्या वाढीचं श्रेय भलत्यालाच मिळतं.

यावर उपाय असा. बिलांच्या यादीत एक जादा कॉलम घ्या आणि त्यात बिलाच्या तारखेतून त्या वर्षीच्या धनत्रयोदशीची तारीख वजा करा. उणे ४५ पासून अधिक १० पर्यंतचे दिवस घेतले की पितृपक्षापासून पाडवा-भाऊबीजेपर्यंतचा काळ त्यात येतो. प्रत्येक दिवसाच्या गाड्या एक्सेलच्या 'काउंटइफ' सूत्राने मोजा, मग त्या दिवसापर्यंतची एकूण बेरीज काढा. रोजचा आकडा फार उड्या मारतो, चढती बेरीज वाचायला सोपी जाते. दोन वर्षांच्या दोन रेषा काढल्या की दसराही आपोआप एकाखाली एक येतो, कारण २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी तो धनत्रयोदशीच्या बरोबर १७ दिवस आधी होता. चालू वर्षाची रेषा गडद, जुनी करडी. लेजंड, म्हणजे कोणती रेषा कशाची ते सांगणारी चौकट, काढून टाका आणि वर्ष रेषेच्या टोकालाच लिहा.

मालकाला रेषांचं वावडं असेल तर तीन महिन्यांच्या बेरजेचे दोन बार पुरतात. इथे एक सापळा आहे. २९६ आणि ३०२ असे जवळजवळचे आकडे दिले की एक्सेल उभा अक्ष शून्याऐवजी वरून कुठून तरी सुरू करतं. तो २९० पासून सुरू झाला तर एका बारची उंची ६ आणि दुसऱ्याची १२, म्हणजे २ टक्क्यांची वाढ डोळ्यांना दुप्पट दिसते. 'फॉरमॅट ॲक्सिस'मध्ये जाऊन 'मिनिमम'ला ० टाका. 'गॅप विड्थ', म्हणजे बारमधली मोकळी जागा, ५० ते ६० टक्के ठेवा, आडव्या रेषा पुसा, आकडा बारच्या डोक्यावर द्या. मग उभ्या अक्षावरचे आकडे नकोत. पण अक्ष डिलीट न करता 'लेबल पोझिशन' 'नन' करा, म्हणजे ० जागेवर राहतो. रेषांच्या आलेखाला शून्याची एवढी सक्ती नाही, कारण तिथे डोळा उंची नाही, चढ बघतो.

पाय चार्ट मॉडेलनिहाय वाटा दाखवायला सर्रास वापरतात. सहा-सात मॉडेल्स असली की १४ आणि १७ टक्क्यांच्या फोडींतला फरक कळत नाही. मोठ्याकडून छोट्याकडे लावलेले आडवे बार घ्या. मॉडेलचं लांबलचक नावही त्यात नीट मावतं. एखादं मॉडेल २ वरून ५ गाड्यांवर गेलं असेल तर 'दीडशे टक्के वाढ' लिहू नका, '२ वरून ५' लिहा.

शीर्षकात निष्कर्ष हवा. 'विक्री अहवाल २०२४' याने काहीच कळत नाही. 'दिवाळी आधी आली, विक्री ऑक्टोबरात सरकली. तीन महिन्यांत मिळून ६ गाड्या जास्त' हे वाचून आलेख बघणारा अर्धं काम उरकूनच येतो. तोंडी सांगतानाही हाच क्रम ठेवा: काय झालं, कशामुळे, आता काय करायचं. आकडे कसे जमवले हे कोणी विचारलं तरच सांगा.

'कशामुळे' सांगताना जपून. २२ सप्टेंबर २०२५ ला ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्याच दिवशी घटस्थापना होती, आणि आदल्या दिवशी पितृपक्ष संपला होता. त्या दिवसापासून रेषा वर उसळली असेल तर कर, मुहूर्त आणि थांबलेलं गिऱ्हाईक यांतलं कोण किती, हे या आलेखातून वेगळं काढता येत नाही. तिथे एक उभी तुटक रेष मारा आणि तिन्ही कारणं लिहा. एकच लिहिलंत, तर पुढच्या वर्षीचं टार्गेट त्या एकाच कारणावर बेतलं जाईल.

पाठवण्याआधी आलेख स्वतःच्या मोबाइलवर उघडा, कारण मालक तो व्हॉट्सॲपवरच बघणार. झूम न करता शीर्षक आणि आकडे वाचता आले पाहिजेत. एक काळी-पांढरी प्रिंटही काढा. लाल-हिरव्यावर भिस्त ठेवली असेल तर दोन्ही रंग सारखेच करडे दिसतील, आणि काही पुरुषांना ते दोन रंग स्क्रीनवरही वेगळे ओळखता येत नाहीत.