दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी: एचआयव्ही असलेल्या मुलांच्या पालकांसाठी

दात ठणकायला लागेपर्यंत थांबू नका. या मुलांमध्ये प्रतिकारशक्ती घसरल्याची चाहूल बऱ्याचदा तोंडातच आधी लागते.

जायच्या चार-पाच दिवस आधी मुलाला खिडकीपाशी उजेडात बसवून जीभ, टाळू, गालांची आतली बाजू नीट बघा. दह्यासारखा पांढरा थर दिसला तर ओल्या मऊ फडक्याने हलकेच टिपा. दूध असेल तर सहज निघेल. बुरशी असेल तर खाली लालभडक जागा दिसते, कधी रक्तही येतं. खरवडू मात्र नका. रोज दात घासूनही हिरडीच्या कडेला लाल पट्टी राहते का, ओठांचे कोपरे चिरलेत का, तोंड वारंवार येतं का, तेही पाहा. कानापुढची सूज गालगुंडाची असेल तर काही दिवसांत उतरते. या मुलांत ती दोन्ही बाजूंना, न दुखता, महिनोन्‌महिने राहू शकते. दिसेल ते तारखेसह लिहा, मोबाइलवर फोटो काढा.

गिळताना दुखतंय म्हणून मूल घास बाहेर काढत असेल, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी एआरटी केंद्र (एचआयव्हीवरची औषधं, म्हणजे एआरटी, जिथून मिळतात ते) गाठा. बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. एआरटीच्या गोळ्या चालू असूनही बुरशी पुन्हा पुन्हा होत असेल, तर डोस चुकतायत का किंवा औषध लागू पडेनासं झालंय का, हे तिथेच तपासून घ्यायला हवं.

पिशवीत एआरटीची पुस्तिका, सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) आणि व्हायरल लोडचे (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) शेवटचे रिपोर्ट, चालू औषधांच्या बाटल्या ठेवा. बुरशीवरची आणि गुंगीची काही औषधं एआरटीच्या काही औषधांसोबत चालत नाहीत, म्हणून बाटल्या दाखवायच्याच. दात काढायचा असेल तर हिमोग्लोबिन, प्लेटलेटचा ताजा रिपोर्ट लागेल. त्या दिवशीचा डोस चुकवू नका. पातळ औषधं बहुतेक गोड असतात. रात्री ती पाजून मूल तसंच झोपलं की दात किडतात. औषधानंतर पाणी पाजा, मग फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.

सगळ्यात जपून करायची तयारी बोलण्याची. पुष्कळ मुलांना आपला आजार अजून माहीत नसतो, विशेषतः आजी-आजोबांकडे वाढणाऱ्यांना. म्हणून डॉक्टरांना आधी एकट्याने भेटा आणि मुलासमोर कोणते शब्द वापरायचे ते ठरवून घ्या. हातमोजे आणि निर्जंतुक हत्यारं प्रत्येकच रुग्णासाठी वापरायची असतात. तुमच्या लेकरासाठी वेगळी खुर्ची लागत नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 2018 पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि संमतीशिवाय ही माहिती इतरांना सांगताही येत नाही. कोणी परत पाठवलंच तर 1097 वर मोफत फोन करा, एआरटीच्या समुपदेशकांनाही कळवा.

मुलाला 'अजिबात दुखणार नाही' असं सांगू नका. सुई जराशी टोचेल, मी शेजारीच बसेन, एवढं सांगा. भूल दिली असेल तर गाल-ओठ बधिर असेपर्यंत खायला देऊ नका आणि मूल ओठ चावत नाही ना, याकडे लक्ष ठेवा.