क्रांतिक बिंदूजवळचं पाणी: सिम्युलेशनमध्ये या चुका टाळा

पाण्याचं सिम्युलेशन करणाऱ्यांची मेल येते: तापमान ६४७ केल्विन, घनता ०.३२२ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर, आलेख सपाट, आणि खाली प्रश्न: ‘घनतेतले चढउतार दिसतच नाहीत, कोडमध्ये बग असेल का?’ बहुतेक वेळा बग नसतो. खऱ्या पाण्याचे आकडे मॉडेलच्या, म्हणजे रेणूंमधल्या बलांच्या सोप्या गणिती नकलेच्या, पाण्याला लावलेले असतात.

खरं पाणी ६४७.०९६ केल्विन आणि २२.०६४ मेगापास्कलला क्रांतिक होतं, म्हणजे तिथे द्रव आणि वाफ यांतला फरकच मिटतो. मॉडेलांचं क्रांतिक तापमान मात्र ज्याचं त्याचं वेगळं. टिप-थ्री-पी या मॉडेलचं सुमारे ५७८ केल्विन, जुनं टिप-फोर-पी ५८८, एसपीसी/ई आणि टिप-फोर-पी/२००५ दोन्ही ६४० च्या आसपास. टिप-फोर-पी/आइस तर ७०५ च्या घरात. हे मी ठेच खाऊन शिकलो. जुनं टिप-फोर-पी घेऊन ६४७ वर तीन आठवडे मशीन जाळलं. आधी तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटवर संशय, मग टाइमस्टेपवर (गणनेतल्या वेळेच्या टप्प्यावर), शेवटी कंपायलरवरही. मी क्रांतिक बिंदूच्या जवळजवळ साठ केल्विन वर बसलो होतो, तिथे चढउतार लहानच असणार. आता पहिली रन लावण्याआधी मॉडेलचं क्रांतिक तापमान वहीत लिहितो आणि सगळी तापमानं त्याच्या पटीत मांडतो.

दुसरी चूक अधीर लोकांची: छोटी पेटी, म्हणजे रेणू ज्यात ठेवतो ती सिम्युलेशनची जागा. ५१२ रेणू या घनतेला घातले तर पेटीची कड जेमतेम ३.६ नॅनोमीटर. क्रांतिक बिंदूकडे जाताना घनतेच्या सहसंबंधाची लांबी (किती अंतरापर्यंत चढउतार एकमेकांशी जोडलेले असतात ते) वाढत जाते आणि पेटीला भिडते. तिथून पुढे उत्तर पाण्याचं नाही, पेटीचं. मग द्रव-वाफेच्या घनतेतला फरक क्रांतिक बिंदूकडे कसा मिटतो ते सांगणारा घातांक ०.३२६ ऐवजी ०.५ कडे झुकलेला दिसतो आणि ‘नवीन शोध’ म्हणून मेल येते. मी तीन आकारांच्या पेट्या चालवल्याशिवाय कुणाला आलेख दाखवत नाही. वेळ लागतो, हो. लागू दे.

ऊर्जा स्थिरावली म्हणजे समतोल आला, असंही समजू नका. घनतेच्या मोठ्या लाटा सगळ्यात सावकाश विरतात, म्हणून पाहायची ती घनता.

दाब राखणारा बेरेंडसेन बॅरोस्टॅट इथे नको. तो नेमके तेच चढउतार दाबतो जे मोजायला तुम्ही बसलात. मी तर इथे स्थिर दाबाच्या वाटेलाच जात नाही: संपीड्यता (दाबाने दबण्याची क्षमता) इतकी वाढलेली असते की दाब जरा हलला की घनता कुठल्या कुठे. आकारमान बांधून मोकळं व्हावं.

गिब्स एन्सेम्बलमध्ये, म्हणजे द्रव आणि वाफ दोन वेगळ्या पेट्यांत ठेवण्याच्या पद्धतीत, क्रांतिक बिंदूजवळ दोन पेट्या आपसात भूमिका बदलतात, द्रवाची वाफ आणि वाफेचा द्रव. त्यामुळे एकेका पेटीची सरासरी काढू नका, घनतेचा हिस्टोग्राम पाहा.

कूलॉम बल (विद्युतभारांमधलं) कटऑफवर, म्हणजे ठरावीक अंतरावर, तोडू नका, लांबचं बलही मोजणारी इवाल्ड पद्धत लावा. आणि लेनर्ड-जोन्सचा (रेणूंमधल्या आकर्षण-प्रतिकर्षणाच्या सूत्राचा) कटऑफ किंवा शेपटीची दुरुस्ती, म्हणजे कटऑफपलीकडच्या भागाची भरपाई, बदललीत तर क्रांतिक बिंदूही सरकतो. म्हणजे वर दिलेले ६४० किंवा ५८८ तुमच्या इनपुट फाइलमध्ये जसेच्या तसे चालतीलच असं नाही. ज्या शोधनिबंधातून आकडा घेताय, त्यातला कटऑफही पाहून घ्या.